देवघर कुठल्या भिंतीला?

विसपुते दलालांनी किल्ली बोटावर फिरवत विचारलं,
अगदी सहज, जसं विचारतात
वॉशिंग मशीन वरून उघडणारं की पुढून.
मुलुंड पूर्व, तिसरा मजला, रस्त्यापासून आत,
दोन खोल्या, तिसरी म्हणायची म्हणून.
म्हटलं, देवघर नाही आमच्याकडे.
'लहान असलं तरी चालतं हो, फ्रीजवर ठेवतात लोक.'
म्हटलं, देवच नाहीत.
ते हसले. मग हसणं मध्येच आवरून
किल्ली खिशात घातली.

रात्री फोन. मालकीणबाई म्हणतायत,
माणसं चांगली दिसतात, दोघांचे पगार आहेत,
पण तिन्हीसांजेला दिवा लागायचा नाही
म्हणजे कसंसंच वाटतं.
वास्तूला सवय आहे, म्हणाल्या.
ट्यूबलाइट लावू, असं ओठांवर आलं होतं.
गिळलं.

आता याला नाव काय द्यायचं?
कुणी दगड मारला नाही. कुणी नळ तोडला नाही.
नणंदेच्या मुलाची मुंज झाली, ते महिन्याने कळलं:
'तुम्हाला पटत नाही ना, म्हटलं कशाला त्रास.'
बुंदीचे लाडू मात्र आठवणीने पाठवले,
डबा परत नको म्हणाली.
शाळेत ओजसने प्रार्थनेला हात जोडले नाहीत
म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवलं. महिना झाला.
त्याची तक्रार एवढीच,
तिथून फळ्यावरचा सात एकासारखा दिसतो.

रक्तपेढीत जेवताना हे सगळं तहसीनला सांगितलं.
तहसीन परकार. बारा वर्षं आम्ही
एकाच टेबलावर पिशव्यांना लेबलं लावतो,
गट, तारीख, क्रमांक.
भाकरीच्या तुकड्याने डबा पुसत ती म्हणाली,
'तुला देवघर विचारलं ना?
म्हणजे तुझं आडनाव पास झालं होतं.
माझ्या वेळी किल्ली खिशातून बाहेरच येत नाही.'
सतरा घरं बघितली होती तिने.
बघितली म्हणजे, खालून.
'आणि तू खोटं बोलू शकतेस.
पितळेचा गणपती, दीडशे रुपये, सुटलीस.
मी काय आणू दीडशेचं?'

मी लोणच्याची फोड इकडून तिकडे करत राहिले.
माझी तक्रार खरी होती.
तिच्या तक्रारीशेजारी उभी केली तर
बुटकी दिसत होती, बरीच.
पण नाहीशी झाली नाही,
हेही लिहून ठेवते.
बुटक्या माणसालाही दारात उभं ठेवलं
की पाय दुखतातच.

घर मिळालं.
तेच, तिसऱ्या मजल्यावरचं.
विसपुत्यांनी परस्पर सांगून टाकलं बाईंना,
'देव आहेत त्यांचे, गावी आहेत, आणायचेत.'
मला हे करारावर सही करताना कळलं,
पेन कागदाला टेकल्यावर.
एक वाक्य बोलायचं होतं फक्त.
आयुष्यभर बोलत आलेले, वर्गात, लग्नात,
बाबांच्या दहाव्याला कावळ्याची वाट न बघता उठले तेव्हासुद्धा.
खाली टेम्पो उभा होता, तासाचे पैसे लागत होते.
सही केली.

गोडांबेबाई पाच तारखेला भाड्याला येतात.
पाणी पितात, पूर्वेच्या भिंतीकडे बघतात.
तिथे खिळा आहे, त्याला कॅलेंडर.
'आले का?'
'अजून नाही.'
'येतील हो. गावाकडची मंडळी लवकर सोडत नाहीत,'
आणि माझ्या हातावर हात ठेवतात, मायेने,
खऱ्या मायेने, तेच तर अवघड आहे.

या वेळी ओजसने गृहपाठातून मान वर केली.
'आई, कोण यायचंय आपल्याकडे?'

बाई माझ्याकडे बघत होत्या. तोही.
मी भाड्याच्या पावतीची घडी घातली,
मग त्या घडीची आणखी एक.